बर्फाखालून दिसलेला ठोसा

ऐका, मी गुम्पे तळं बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोय म्हणा. वर्षातला बराचसा काळ माझ्या तोंडावर बर्फाचं झाकण असतं, आणि उरलेल्या काळात वारा इतका बोंबलतो की माझं कुणी ऐकत नाही. म्हणून आज जरा मोठ्यानेच सांगतो.

नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला आमची पालिका. तिच्या हद्दीत माणसं मोजकी आणि तळी उदंड. पालिकेतल्या साहेबांना आमची सगळ्यांची नावंसुद्धा सांगता यायची नाहीत. पण मला सगळे ओळखतात. माझं नाव काढलं की म्हाताऱ्या बायका थुंकतात. ‘गुम्पे माणसं खातो’ म्हणतात. खातो म्हणे! मला काय दात आहेत?

मी काही गोडीगुलाबीने जन्मलो नाही. डोंगराएवढा बर्फ या पठारावरून घसरत गेला, जाता जाता त्याने खडक फोडला, ओरबाडला आणि खड्डा तसाच उघडा टाकून निघून गेला. त्यात जे पाणी साठलं तो मी. नावही मारामारीचंच. गुम्पे म्हणजे लांडगा. जुन्या काळी इथले सामी लोक पायांना फळ्या बांधून लांडग्यांना माझ्यावर हाकत आणायचे. भुसभुशीत बर्फात लांडग्याचे पाय रुतले की दांडक्याने डोकं फोडायचे. पुढे परके सैनिक आले, हरले, जाताना त्यांनी खालच्या खोऱ्यातली घरं पेटवली आणि उरल्यासुरल्या दारूगोळ्याच्या पेट्या माझ्यात ढकलल्या. त्या अजून तळाशी गंजत पडल्या आहेत.

सांगायचं काय, रक्त मला नवं नाही. पण योव्नाची गोष्ट हे लोक साफ उलटी सांगतात, त्याने माझं डोकं फिरतं. सगळं खालून बघणारा मी एकटाच होतो.

माझ्या पूर्व काठावर योव्नाचं घराणं, पश्चिम काठावर हेआइकाचं. दोन्ही रेनडिअर पाळणारी. हेआइकाची थोरली बहीण रिस्तेन योव्नाला दिलेली. लग्नात या काठावरून त्या काठापर्यंत लोक माझ्या बर्फावर नाचले होते. रिस्तेन तशी तोंडाने फटकळ. लग्नाच्याच दिवशी नवऱ्याला म्हणाली होती, “तुझा फासाचा दोर जनावराच्या शिंगात पडत नाही, माझ्या गळ्यात कसा काय पडला कोण जाणे!” योव्ना हसला होता. तो कमी बोलायचा, आणि हसला की मिशीला लागलेलं हिमसुद्धा पुसायचा नाही.

मग तो वाईट हिवाळा आला. भर थंडीत पाऊस पडला आणि पडल्या पडल्या गोठला. जमिनीवर काचेसारखा थर. त्याखालचं पांढरं शेवाळ म्हणजे रेनडिअरचं सगळं अन्न, आणि खुरांनी कितीही उकरलं तरी ते हाती लागेना. योव्नाचा कळप उपाशी मरायला लागला. पश्चिम काठावर झाडीच्या आडोशाने थोडं शेवाळ मोकळं होतं. योव्नाने जनावरं माझ्यावरून तिकडे नेली. हेआइका दोन कुत्री घेऊन उभाच होता.

“दाजी, नमस्कार. फिरायला आलात का?”

“मेव्हण्या, चेष्टेची वेळ नाही. आठवडाभर चरू दे. अर्धा कळप गेला माझा.”

“आणि माझा अर्धा तुमच्यापायी घालवू? परत न्या.”

“तुझ्या बहिणीच्या घरचं आहे रे हे!”

“बहिणीला ये म्हणावं जेवायला. जनावरं न्या.” आणि त्याने कुत्री सोडली.

हाडांचे सापळे झालेल्या त्या माद्या माझ्यावरून धडपडत परत पळाल्या. काही मध्येच बसल्या त्या उठल्याच नाहीत. कावळ्यांनी त्यांचे डोळे जिवंतपणी काढले. योव्ना सुरी घेऊन एकेकीजवळ जात होता आणि गळे चिरत होता, आणि रडत होता. हेआइका काठावरून बघत होता. तोही काही राक्षस नव्हे. पण बघत उभा राहिला, हे खरं.

पुढच्या शरद ऋतूत योव्नाने सूड घेतला. अंधारात पश्चिमेकडची काही जनावरं कापली आणि मांस घरी आणलं. आता इथे एक गोष्ट असते. प्रत्येक माणसाची खूण त्याच्या जनावराच्या दोन्ही कानांवर कापलेली असते. कुठे खाच, कुठे तिरपा काप. कान हाच पुरावा. त्यामुळे चोरी करणारा आधी कान नाहीसे करतो. योव्नाने ते एका पिशवीत घातले, पिशवीत धोंडा घातला आणि आणून टाकली माझ्यात. जगातली सगळी घाण गुम्पेच्या पोटात!

त्या वर्षी मी गोठलो तसं रिस्तेन आणि गाद्या नावाची तिची सासू, दोघी बर्फाला दोन भोकं पाडून खालून जाळं ओढत होत्या. म्हातारीचे हात माशांच्या खवल्यांनी चमकत होते. जाळं जड लागलं.

“मोठा मासा दिसतोय,” रिस्तेन म्हणाली.

वर आली ती पिशवी. गाद्याने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मुलाची पिशवी आई ओळखणार नाही तर कोण?

“टाक परत.”

“काय आहे ते तरी बघू द्या, सासूबाई.”

“बघू नकोस म्हणते ना! तळ्याने गिळलंय, तळ्यापाशीच राहू दे.”

ऐकेल तर ती रिस्तेन कसली. तिने गाठ कापली. आत कानच कान, गारठून कडक झालेले. इथली माणसं कान डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त वाचतात. तिने हातमोजा काढला, एका कानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. मग सगळ्या.

“हे हेआइकाचे नाहीत,” ती म्हणाली.

“मग झालं तर! कुणाचे तरी जुने असतील, टाक.”

“हेआइकाच्या खुणेला मागच्या बाजूने एक काप जास्त असतो. यांना नाही. सासूबाई, हे माझे आहेत.”

तिला पहिला दात आला त्या दिवशी बापाने एक मादी तिच्या नावाने केली होती, आणि पुढे हेआइकाला मिळालेल्या आपल्याच खुणेतला एक काप कमी करून तिला तिची खूण दिली होती. त्या मादीचा वंश वाढला. रिस्तेन लग्न होऊन पूर्वेला आली, पण तिच्या माद्या काही केल्या जन्माची चराई सोडेनात, म्हणून त्या भावाच्याच कळपात राहिल्या. अंधारात योव्नाने भराभर गळे कापले, घाईत कानांवर अंगठा फिरवायचं राहून गेलं, आणि पठ्ठ्याने बायकोचीच जनावरं मारली.

रिस्तेन हसायला लागली. ते हसणं ऐकून म्हातारीने कानांवर हात ठेवले. “मीच शिजवलं की हो! नळीतली मज्जा चोखत मीच म्हटलं, काय चरबी धरलीय यंदा!”

“पोरी, घरातलं घरात राहू दे. पाया पडते तुझ्या.”

रिस्तेन तरातरा काठावरच्या झोपडीकडे गेली. योव्ना दाराशी लाकडं फोडत होता. तिने ती गोठलेली पिशवी गरकन फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. त्याचं नाक फुटलं, मिशी लाल झाली.

“मला वाटलं, हेआइकाची आहेत,” तो म्हणाला. एवढंच सुचलं त्याला.

“म्हणजे माझ्या भावाची असती तर चाललं असतं? शोभतं तुला?”

“आणि तुझ्या भावाने माझ्या उपाशी कळपावर कुत्री सोडली ती? तेव्हा काय शोभत होतं?”

तिने कान एका दोरीत ओवले आणि दारावरच्या खिळ्याला टांगले. “आता लपवायचं नाही,” म्हणाली. मी तिला दोष देत नाही. चोरी तिच्या घरात झाली होती, तिच्याच मालाची झाली होती, आणि लाजही तिनेच धरायची, हे तिला जमणारं नव्हतं. पण ते कान तिथे टांगले नसते तर पुढचं टळलं असतं, असं गाद्या अजून म्हणते.

झालं असं की वाऱ्याने दोन्ही कळप एकत्र मिसळले होते. अशा वेळी काठावर झाडीत लाकडी कोंडवाडा उभारायचा, सगळी जनावरं आत घ्यायची आणि कान बघून एकेक वेगळं काढायचं, अशी पद्धत. त्यासाठी दुसऱ्या दिवशी हेआइका बर्फावरची स्कूटर घेऊन पूर्व काठाला आला. दारावरचे कान त्याने बघितले. अंगठा फिरवला. आधी तोही हसला.

“ताई, तुझेच? अगं, नवऱ्याने बायकोची चोरी केली! असला गाढव चोर साऱ्या पठारावर मिळायचा नाही.”

मग त्याचं हसू गेलं. “आज तुझी, उद्या माझी. मी नाही थांबत कोंडवाड्यासाठी. आत्ताच्या आत्ता माझी जनावरं तोडून नेतो.”

“कळप बर्फावर उभा आहे,” रिस्तेन म्हणाली.

“मग बर्फावरूनच नेतो.”

गाद्या झोपडीतून ओरडत आली. “अरे मेल्या, बर्फावर हात लावू नकोस त्यांना! गोल धरतील, गोल!”

हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रेनडिअर घाबरले, दोन बाजूंनी कोंडले गेले, की गोल फिरायला लागतात. घाण्याच्या बैलासारखे, पण शेकडो, आणि गोल आवळत आवळत जातो. जमिनीवर ठीक आहे. माझ्यावरच्या नव्या बर्फावर म्हणजे मरण. हेआइकाला ते माहीत नव्हतं का? जन्म गेला त्याचा यात. पण डोक्यात राख घातली होती ना! त्याने पश्चिमेकडून स्कूटर घातली. त्याला अडवायला योव्नाने पूर्वेकडून घातली. दोन शहाणे!

कळपाने गोल धरला. खुरांची थडथड सुरू झाली. मला वरून हातोडे पडल्यासारखं होत होतं. त्या गोलाच्या मधोमध दोघं समोरासमोर आले आणि स्कूटरवरून उतरले. जनावरं भोवताली फिरताहेत आणि मध्ये हे दोघं.

“चोरा!”

“मारेकऱ्या! कुत्री घालतोस उपाशी जनावरांवर?”

हेआइकाने फासाच्या दोराचं वेटोळं त्याच्या तोंडावर मारलं. फुटलेलं नाक पुन्हा फुटलं. योव्नाने सुरी काढली आणि हेआइकाचा गाल ओठापासून कानापर्यंत उघडला. हेआइकाने त्याला खाली पाडून छातीवर गुडघा दाबला. योव्नाने त्याच्या मांडीचा चावा घेतला. मेहुणे मेहुणे! रक्त माझ्यावर पडत होतं आणि लगेच गोठत होतं. मी कुरकुरलो, कण्हलो, मोठ्याने तडकलो, आणखी काय करायला हवं होतं मी? या आवाजाला इथली माणसं झोपेतून उठतात. त्या दोघांनी मान वर केली नाही.

शेवटी मी फाटलो.

जनावरं एकावर एक कोसळली. शिंगं शिंगांत अडकली, मोडली. वरच्यांचे खूर खालच्यांच्या डोळ्यांत. पाणी लाल आणि केसांनी भरलेलं. जी पोहत कडेला गेली त्यांनी कड तोडली आणि पुन्हा पडली. काही बाहेर पडली, पुष्कळशी नाही. आणि त्या सगळ्या घुसळणीत हे दोघं, अजून एकमेकांना धरून. हेआइकाच्या दोन्ही मुठी योव्नाच्या गळपट्ट्यात. गार पाण्यात बोटं आखडतात, मग ती उघडतो म्हटलं तरी उघडत नाहीत. त्याला सोडायचं होतं. मी खालून त्याचे डोळे बघत होतो, त्याला खरंच सोडायचं होतं. सुटत नव्हतं.

रिस्तेन पोटावर सरपटत आली. फासाचा दोर एकच होता तिच्याकडे. तिने फेकला. दोर दोघांच्या मध्ये पडला.

आता नीट ऐका, कारण इथूनच गोष्ट उलटी होते.

फास योव्नाच्या हाताला लागला. कड इतकी कुजकी झाली होती की एकाच्या वजनानेच तुटत होती, दोघं गेलो तर रिस्तेनही आत येणार, हे त्याने ओळखलं. त्याने डोकं पाण्याखाली घातलं, फास हेआइकाच्या खांद्यांवरून, काखांखालून घेतला आणि ओढून घट्ट केला. पण हेआइकाच्या मुठी त्याच्या गळ्याशी तशाच होत्या. त्या सुटल्याशिवाय हेआइका वर जाणार नव्हता. म्हणून योव्नाने मूठ उगारली आणि त्याच्या मनगटावर हाणली. पुन्हा हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मुठी सुटल्या.

रिस्तेनला वरून काय दिसलं? नवऱ्याची मूठ पाण्याबाहेर उठते आहे आणि भावावर पडते आहे. ती जिवाच्या आकांताने ओरडली, “सोड त्याला! मर मेल्या, पण माझ्या भावाला सोड!”

आणि तिने ओढलं. हेआइका वर गेला. योव्ना माझ्याकडे आला.

उन्हाळ्यात मी त्याला पूर्व काठाला परत दिला. चर्चच्या मागे पुरला त्याला, फार लोक आले नाहीत. ‘चोर तो चोर, वर मरेपर्यंत मेव्हण्याला मारत होता,’ असं पालिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झालं. काही म्हणाले, गुम्पेने खाल्ला. गाद्याला दुकानात कुणी उभं करेना. रिस्तेनने त्याचा चांदीच्या बटणांचा पट्टा चुलीत टाकला, मग हात भाजून घेत बाहेर काढला, मग पुन्हा टाकला. त्याचं नाव तिने तोंडातून जाऊ दिलं नाही. आणि हेआइका? हात कसा मोडला विचारलं की म्हणायचा, “योव्नाने मोडला.” खोटं नव्हतं ते. पण पुढचं वाक्य त्याच्या घशाखालीच राहायचं. ते बोललं तर माणसं विचारणार, तुझ्या मुठी कुठे होत्या रे? मला इतका संताप यायचा त्याचा! थंडीत मी रात्ररात्र तडकायचो, लोक म्हणायचे गुम्पे भुकेला आहे.

यंदा मी गोठलो तेव्हा तो आला. स्कूटर न घेता, चालत. रिस्तेन एकटीच लोखंडी पहारीने बर्फाला भोक पाडत होती. तिने वर बघितलं नाही.

“आलास का? हात कसा आहे?”

“वाकडाच आहे. ताई, पहार खाली ठेव.”

“का? मारीन म्हणून भितोस?”

“हो,” तो म्हणाला. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फास कुणी कुणाला घातला. मुठी कुणाच्या सुटत नव्हत्या. ठोसा कशासाठी होता.

तिने पहार ठेवली नाही. फेकली, त्याच्या नडगीवर. तो पडला. मग ती त्याच्यावर तुटून पडली. तोंडावर, छातीवर, वाकड्या हातावर, मुठी दुखेपर्यंत मारत राहिली. “वर्षभर! वर्षभर मला त्याच्या नावाने थुंकायला लावलंस! त्याच्या आईला लोकांनी…” त्याने एकही फटका चुकवला नाही. माझा बर्फ नवा होता. मी सगळा जोर लावून दोघांना धरून ठेवलं.

मग ती थकली आणि बसली. बसल्या बसल्या तिने विचारलं, “मी त्याला मर म्हटलं. त्याला ऐकू गेलं का रे?”

हेआइकाने रक्ताळलेलं तोंड पुसलं. “माहीत नाही, ताई.”

त्याला कसं माहीत असणार! तोवर त्याचं डोकं वर आलं होतं. मला माहीत आहे. ती ओरडली तेव्हा योव्ना कपाळापर्यंत माझ्यात होता. वर फक्त त्याची मूठ होती. माझ्या आत त्या वेळी खुरांची थडथड आणि माझंच फाटणं, याशिवाय दुसरा आवाज नव्हता. तिचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. खाली जाताना तो वर बघत होता, आणि त्याला बर्फाच्या कडेला बायकोचे दोन हात दिसत होते, दोर ओढणारे.

हे मी तिला ओरडून सांगतोय. तिला नुसता बर्फ तडकल्याचा आवाज येतो आणि ती उठून काठाकडे सरकते. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्यापैकी कुणी कधी आमच्याकडे आलं, तर पूर्व काठावरच्या झोपडीत रिस्तेन असते. मला काय नावं ठेवायची ती ठेवा, पण तिला एवढं सांगा, की त्याने ऐकलं नाही.